गरिबीविरुद्ध वाडीवरच्या स्त्रियांचे आंदोलन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील वाड्यावस्त्यांवरच्या स्त्रिया जे प्रश्न पुन्हा पुन्हा लिहून पाठवतात, बैठकीत मांडतात किंवा तहसील कार्यालयाच्या पायरीवर थांबवून विचारतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. दोन प्रश्नांचा संबंध येतो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायद्यांची नावे आणि कलमे मुद्दाम दिली आहेत, कारण कलम सांगणाऱ्या बाईला "उद्या या" म्हणणे कार्यालयाला जड जाते.

१. गरिबी तर जन्माचीच आहे. तिच्याविरुद्ध मोर्चा काढून सरकारकडे मागायचे तरी काय?

"गरिबी हटवा" या मागणीला उत्तर देणारा अधिकारी कोणत्याच कार्यालयात बसत नाही. मात्र रेशन दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून दोन महिने धान्य मिळालेले नाही, विधवेचे अनुदान दिवाळीपासून थांबले आहे, टँकर रस्त्यावरच रिकामा होतो आणि धनगरवाड्यापर्यंत चढत नाही, या तक्रारींपैकी प्रत्येकीला जबाबदार असलेला एक अधिकारी असतो. म्हणून प्रत्येक मागणी लिहिताना ती कोणाकडे आहे, कोणत्या कायद्याच्या किंवा शासन निर्णयाच्या आधारावर आहे आणि किती दिवसांत पूर्ण व्हावी, हे तिन्ही लिहावे.

याचा अर्थ मोठ्या मागण्या सोडून द्याव्यात असा नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. दिवसाला ३०० रुपये मजुरी मिळवणारी बाई वर्षातले १०० दिवस कामावर गेली तरी तिचे उत्पन्न ३०,००० रुपये होते आणि कागदोपत्री ती निराधार राहत नाही. ही मर्यादा तहसीलदार बदलू शकत नाही. तो निर्णय राज्य शासनाचा आहे. अशा मागण्या वेगळ्या निवेदनात, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शासनाकडे आणि स्थानिक आमदारांकडे द्याव्यात. आमचे ठाम मत असे आहे की केवळ लहान मागण्या धरल्या तर आंदोलनाचे अर्ज भरून देणारे केंद्र होते आणि केवळ मोठ्या मागण्या धरल्या तर दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई रिकाम्या हाताने घरी जाते. दोन्ही एकत्र चालवाव्या लागतात.

२. कोकणात कोणी उपाशी नाही, असे सगळेच म्हणतात. मग गरिबीविरुद्ध आंदोलन कशाला?

कोकणातली गरिबी रस्त्यावरून दिसत नाही. चिरेबंदी घर, पुढे आंब्याची झाडे आणि मुंबईला असलेला मुलगा पाहून बाहेरच्याला सुबत्ता वाटते. त्या घरात एकटी राहणारी म्हातारी मात्र पैसे येतील या भरवशावर दुकानदाराची उधारी वाढवत असते, आणि सातबारावर तिचे नाव नसल्यामुळे तिला कर्जही मिळत नाही आणि नुकसानभरपाईही नाही. काजू कारखान्यात बी फोडणाऱ्या बाईची बोटे टरफलाच्या तेलाने भाजतात आणि मजुरी किलोवर मोजली जाते. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा मासळी विकणारीच्या टोपलीत सुक्या मासळीशिवाय काही उरत नाही. कातकरी कुटुंबे वर्षातला मोठा काळ वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन, गावाबाहेर काढतात. कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात आहे आणि रायगडमध्ये तिची वस्ती मोठी आहे.

पाण्याचाही विचार यातच करावा. वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्टीत जांभ्याच्या कातळावरून पाणी समुद्राला जाते, आणि एप्रिल-मेमध्ये वरच्या वाड्यांतील स्त्रियांचे रोजचे कित्येक तास हंड्यांमागे जातात. त्या तासांची मजुरी कोणत्याही सर्वेक्षणात धरली जात नाही.

३. आम्ही पाच-सहा जणीच आहोत. एवढ्यांनी सुरुवात होऊ शकते का?

होते. एका वाडीतल्या पाच-सहा जणींनी घरोघर जाऊन एक वही भरणे हे पहिले काम आहे. वहीत प्रत्येक घरासाठी रेशन कार्डाचा रंग, शेवटचे धान्य कधी मिळाले, घरात विधवा, परित्यक्ता, वृद्ध किंवा अपंग कोणी आहे का, कोणाचे अनुदान चालू आहे, कोणाचे बंद पडले आहे, कोणाचे कर्ज आहे आणि पाणी कुठून येते, एवढ्या नोंदी पुरेत. ही वही भरताना ज्या घरात बाई बोलायला कचरते, तिथे दुसऱ्यांदा जावे. बहुतेक वेळा सर्वांत महत्त्वाची माहिती त्याच घरातून मिळते.

सुरुवात कुठून करावी याबद्दल आम्ही आग्रही आहोत. गावाच्या मध्यवस्तीतून सुरुवात केली तर बौद्धवाडी, कातकरवाडी आणि धनगरवाडा नंतर "जोडले" जातात आणि कायमचे मागे राहतात. पहिली बैठक तिकडे घ्यावी, पहिली मागणी तिथली असावी आणि निवेदन देताना बोलणारी बाईही शक्यतो तिथलीच असावी. याच कोकणात, महाडला, १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी पिण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह झाला. ज्यांना पाणवठाच नाकारला होता, त्यांनी पुढे होऊन तो मोकळा केला.

४. बैठकीला बायका येतच नाहीत. वेळ कोणती ठेवावी?

वेळ ठरवण्याआधी कामाचे वर्ष समजून घ्यावे. जून-जुलैत लावणी असते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भातकापणी आणि झोडणी, मार्च ते मे आंबा-काजूचा हंगाम. गणपती आणि शिमग्याच्या दिवसांत चाकरमानी घरी असतात आणि बाईला चुलीपासून उसंत नसते. त्यामुळे लावणी संपल्यापासून गणपतीपर्यंतचे दिवस आणि भात घरात आल्यानंतरचे डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने बैठका आणि मोर्च्यांसाठी सोयीचे ठरतात. कातकरी भगिनींचे गणित वेगळे आहे; त्यासाठी प्रश्न १५ पाहावा.

दिवसातली वेळ वाडीने ठरवावी. दुपारी जेवणानंतरचा तास बहुतेक ठिकाणी चालतो. मच्छीमार वस्तीत मात्र बाजार उठल्यावरच बैठक घ्यावी लागते.

५. आमचा बचत गट आहे. त्याच्याच नावाने आंदोलन केले तर चालेल का?

गटाच्या ओळखीचा उपयोग करावा, पण आंदोलन गटाच्या नावाने करू नये. बचत गट आणि अशा गटांचे मिळून झालेले ग्रामसंघ व प्रभागसंघ यांना शासनाकडून फिरता निधी आणि बँकेकडून कर्ज मिळते. आंदोलनावर रागावलेला अधिकारी किंवा पुढारी गटाच्या फाइलवर तो राग काढू शकतो आणि त्याची झळ आंदोलनात नसलेल्या सदस्यांनाही बसते. शिवाय सर्वांत गरीब बाई बहुधा कोणत्याच गटात नसते, कारण दर महिन्याची बचत तिला परवडत नाही किंवा हप्ता थकल्याने ती गटातून बाहेर पडलेली असते. वाडीची किंवा गावाची महिला समिती वेगळी करावी, तिची नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. ठरावाची वही, सह्या आणि दोन-तीन निमंत्रक एवढे असले की निवेदन देता येते.

६. निवेदन कसे लिहावे आणि कोणाकडे द्यावे?

एका विषयाला एक निवेदन आणि एक कार्यालय असा नियम पाळावा. रेशन, निराधार अनुदान आणि टँकरसाठी तहसीलदार. घरकुल, ग्रामपंचायतीचे काम आणि पाणीयोजना यांसाठी गटविकास अधिकारी. वरच्या पातळीवर प्रांत अधिकारी आणि जिल्हाधिकारी. निवेदनाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. पोच नसेल तर पुढच्या वेळी निवेदन मिळालेच नाही असे सांगितले जाते आणि ते खोटे ठरवायला आपल्याकडे काहीही नसते.

मजकूर एका पानाच्या आत असावा. वहीतल्या नोंदींवरून केलेली घरांची यादी सोबत जोडावी, परंतु आजार, कर्ज किंवा घरातली भांडणे अशी खाजगी माहिती त्यात लिहू नये. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन आणि तिसऱ्या सोमवारी महिला लोकशाही दिन असतो. मोर्च्याआधी एकदा तिथे अर्ज दिलेला असला की "आमच्याकडे आधी का आला नाहीत" हा प्रश्न उरत नाही.

७. रेशन दुकानदार धान्य कमी देतो, कधी देतच नाही. आमच्या हातात काय आहे?

पुष्कळ आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य आहे. याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे घरातली १८ वर्षे पूर्ण केलेली सर्वांत ज्येष्ठ स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख असते. नवऱ्याच्या सहीशिवाय तक्रार घेणार नाही, असे कोणी सांगितले तर हे कलम दाखवावे. कलम २९ प्रमाणे दक्षता समित्या असाव्या लागतात. आपल्या गावची समिती कागदावर आहे का, तिच्यात कोणत्या स्त्रिया आहेत आणि शेवटची बैठक कधी झाली, हे तहसील कार्यालयाला विचारावे. या प्रश्नांनी दुकानदार जितका सावध होतो, तितका घोषणांनी होत नाही.

प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये आहे. केशरी कार्ड आहे पण धान्य नाही, अशी अनेक घरे वहीत सापडतील. त्यांची मागणी "धान्य द्या" अशी न लिहिता "प्राधान्य यादीत समावेश करा" अशी लिहावी, नाहीतर तुम्ही पात्र नाही असे एका ओळीचे उत्तर येते. अंगठा उमटत नसल्यामुळे परत पाठवलेल्या वृद्धांची नावे आणि तारखा स्वतंत्रपणे द्याव्यात. तक्रारीसाठी १९६७ हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

८. रोजगार हमीचे काम आमच्या तालुक्यात निघतच नाही. मागणी कशी करावी?

काम मागितल्याची नोंद नसल्यामुळे काम निघत नाही, हे कोकणातले नेहमीचे दुष्टचक्र आहे. सरपंच सांगतात की इथे कोणी काम मागत नाही, आणि बायका सांगतात की इथे काम नसतेच. हे तोडण्यासाठी गटाने, लेखी, एकाच दिवशी मागणी करावी आणि तारखेची पोच घ्यावी. पोचेच्या तारखेपासूनच शासनाची जबाबदारी सुरू होते. २००५ च्या केंद्रीय कायद्यात १५ दिवसांत काम न दिल्यास बेरोजगार भत्त्याची तरतूद होती, आणि या हमीची मुळे महाराष्ट्राच्याच १९७७ च्या कायद्यात आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा मंजूर केला, ज्यात शेतीच्या ऐन हंगामात वर्षातून ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूद आहे. म्हणून जुन्या पत्रकावरचे दिवस आणि दर तसेच छापू नयेत. सध्या लागू असलेला दर तालुक्याच्या रोजगार हमी शाखेकडून लेखी घ्यावा.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग लागवडीने कोकणाचे रूप पालटले, परंतु तो लाभ ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला मिळतो. भूमिहीन बाईसाठी पाणंद रस्ता, विहीर, तळ्यातला गाळ काढणे, वनीकरण अशी सार्वजनिक कामेच मागावी लागतात, आणि त्या कामांची यादी ग्रामसभेने आधी मंजूर केलेली असावी लागते. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहावा.

९. ग्रामसभेत आम्हाला कोणी बोलू देत नाही. तिथे जाऊन उपयोग काय?

ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेणे महाराष्ट्रात बंधनकारक आहे. ती अनेक गावांत सह्यांपुरती होते. आपली वही घेऊन त्या महिला सभेत जावे, ठराव शब्दशः लिहून घ्यावा आणि वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती असते, म्हणजे एका मोठ्या गावात ६०-७० स्त्रिया एकत्र गेल्या तरी सभेचे रूप बदलते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते आणि तिथे थोड्याच लोकांत ठराव होऊन जातात. त्या तहकूब सभेला जाणे बहुतेकजणी टाळतात आणि नेमके तेच महागात पडते.

१०. मोर्च्यासाठी पोलिसांची परवानगी लागते का? जमावबंदी असेल तर?

शांततेने, विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिलेला आहे. तरीही दिवस, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या आणि निमंत्रकांची नावे पोलीस ठाण्याला आठवडाभर आधी लेखी कळवावीत आणि त्याचीही पोच घ्यावी. ध्वनिवर्धकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ती मिळत नाही.

कोकणातल्या जिल्ह्यांत सणांच्या किंवा निवडणुकीच्या तोंडावर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली आदेश निघतात, आणि त्या काळात पाच किंवा अधिक व्यक्तींनी पूर्वपरवानगीशिवाय जमण्याला मनाई असते. असा आदेश एका वेळी साधारण १५ दिवसांसाठी असतो. मोर्च्याची तारीख जाहीर करण्याआधी आदेश लागू आहे का, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. लागू असल्यास परवानगीचा अर्ज करावा. नाकारली तर नकार लेखी मागावा. तेवढ्या काळात तीन-चार जणींच्या शिष्टमंडळाने निवेदन देण्याला अडचण येत नाही.

११. अटक झाली तर? घरी लहान मुले आहेत.

ही भीती खरी आहे आणि तिच्याबद्दल मोर्च्याआधीच्या बैठकीत मोकळेपणाने बोलावे. शांततामय मोर्च्यात बहुतेक वेळा पोलीस ताब्यात घेतात आणि संध्याकाळपर्यंत सोडतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक स्थितीत करायची झाल्यास महिला पोलीस अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. अटक झालेल्या कोणालाही २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर कलम १७९ प्रमाणे स्त्रीला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. तिच्या घरी येऊन जबाब घ्यावा लागतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी १५१०० या क्रमांकावर किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे संपर्क साधता येतो.

अंगावर पाजते मूल असलेल्या, गरोदर आणि आजारी स्त्रियांनी ठिय्यात पुढे बसू नये. प्रत्येक वाडीत दोन जणी मुद्दाम घरी राहाव्यात, मुले आणि गुरे सांभाळावीत. त्यांचेही काम आंदोलनाचेच आहे आणि बैठकीत त्यांची नावे आदराने घ्यावीत.

१२. उपोषणाला बसलो तर लवकर दखल घेतील का?

आमरण उपोषणाचा सल्ला आम्ही देत नाही. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या स्त्रियांना त्याची मोठी किंमत मोजावी लागते. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम २२६ प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याला भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे हा गुन्हा आहे, आणि आमरण उपोषणाला त्याचा आधार लावला जाण्याचा धोका राहतो. साखळी उपोषण, धरणे आणि हंडा मोर्चा हे मार्ग पुरेसे परिणामकारक आहेत.

१३. लाटणी, थाळ्या, हंडे घेऊन जाण्याने खरेच काही होते का?

१९७२-७३ च्या दुष्काळात आणि महागाईत मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने स्त्रियांचे लाटणे मोर्चे काढले. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर या वेगवेगळ्या पक्षांतल्या नेत्या त्यात एकत्र होत्या, आणि कधीही सभेला न गेलेल्या गृहिणी घरातल्या थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. हातातल्या वस्तूवरून मागणी न वाचताही कळत होती: धान्य, तेल, रॉकेल. म्हणून वस्तू मागणीला साजेशी निवडावी. पाण्यासाठी हंडा, रेशनसाठी रिकामी पिशवी, काजू कामगारांच्या मजुरीसाठी बी फोडण्याची साधने. मात्र धार असलेले काहीही नेऊ नये; कोयती ही घरातली वस्तू असली तरी जमावात ती शस्त्र ठरते.

वस्तूने लक्ष वेधते, निकाल मात्र चिकाटीने लागतो. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांची, जमीन कसण्यास नकार दिला आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. खोती नष्ट करणारा कायदा त्यानंतरही दहा वर्षांनी, १९४९ साली झाला.

१४. हप्त्याचे कर्ज हेच आमच्या गरिबीचे मूळ आहे. मायक्रोफायनान्सविरुद्ध आंदोलन करता येईल का?

करता येईल, पण कर्ज माफ होईल असे कोणालाही सांगू नये. खोट्या आशेवर हप्ते थांबवलेल्या बाईचे नाव थकबाकीदारांत जाते आणि पुढे बँकेचे दार बंद होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले हे कर्ज विनातारण असते आणि सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. वसुली ठरलेल्या ठिकाणी करावी लागते. दोन किंवा अधिक वेळा लागोपाठ कर्जदार तिथे आली नाही तरच कर्मचारी घरी येऊ शकतो. धमकी देणे, नातेवाइकांना त्रास देणे आणि सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करणे यांना मनाई आहे.

मागणी याच चौकटीत करावी: एकाच बाईला चार-चार कंपन्यांनी निम्म्याची मर्यादा ओलांडून दिलेल्या कर्जांची चौकशी, हप्त्यांची फेररचना आणि घरी बसून राहणाऱ्या वसुली कर्मचाऱ्यांवर कारवाई. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. गटातल्या बायकांनीच थकलेल्या बाईच्या दारात बसण्याची जी पद्धत पडली आहे, ती आधी आपल्या वाडीत बंद करावी.

१५. आमच्या वाडीतल्या कातकरी बायका दिवाळीनंतर भट्टीवर जातात. त्यांना कसे सामील करून घ्यावे?

त्या गावात असतात तेव्हा, म्हणजे पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत, त्यांच्या मागण्या पुढे आणाव्यात. जातीचा दाखला, शिधापत्रिका, घराखालची जागा नावावर होणे आणि वनहक्काचे दावे ही कामे याच काळात उरकावीत. वन हक्क कायदा, २००६ प्रमाणे विवाहितांच्या बाबतीत वनहक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो, हे अर्ज भरणाऱ्याला आठवण करून द्यावे. बाहेर गेल्यावर तिथल्या दुकानातून त्याच कार्डावर धान्य घेता येते; भट्टीवर जाण्यापूर्वी कार्डातील सगळ्यांचे आधार जोडलेले आहे ना, हे पाहावे. उचल घेतलेल्या कुटुंबाला मुकादमाचा धाक असतो, त्यामुळे त्यांची नावे निवेदनात त्यांना विचारल्याशिवाय घालू नयेत.

१६. मोर्च्यात गेले तर लाडकी बहीणचे पैसे बंद होतील, असे सांगतात. खरे आहे का?

नाही. त्या योजनेची पात्रता वय (२१ ते ६५), महाराष्ट्रातील वास्तव्य, कुटुंबाचे अडीच लाखांपर्यंतचे उत्पन्न आणि शासन निर्णयातील इतर अटींवर ठरते; आंदोलनात भाग घेणे हे अपात्रतेचे कारण त्यात नाही. पैसे थांबलेच तर कारण लेखी मागावे. एक अपवाद लक्षात ठेवावा: दुसऱ्या शासकीय योजनेतून दरमहा १,५०० रुपये किंवा अधिक मिळत असल्यास या योजनेचा लाभ मिळत नाही, त्यामुळे निराधार अनुदान घेणाऱ्या बाईचे पैसे थांबण्याचे कारण बहुधा तेच असते.

१७. गावकीने आम्हाला वाळीत टाकण्याची धमकी दिली आहे. काय करावे?

कोकणात ही धमकी पोकळ नसते. दुकान, पाणवठा, पालखी, लग्न आणि मयत या सगळ्यांतून कुटुंब तोडले जाते आणि मुंबईतल्या मंडळाकडूनही दबाव येतो. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा आहे आणि जुलै २०१७ पासून लागू आहे. त्याखाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. धमकी कोणत्या बैठकीत, कोणासमोर, कोणत्या शब्दांत दिली, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. जातीवरून छळ झाला असेल तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा स्वतंत्रपणे लागू होतो.

मुंबईकर मंडळी नेहमी विरोधातच असतात असे मात्र नाही. गणपतीत गावी आलेल्या सुना आणि मुली यांच्याशी बोलावे. आईचे रेशन का बंद आहे, हे ऐकल्यावर त्यांतल्या कितीतरी जणी पाठीशी उभ्या राहतात.

१८. पुरुषांना आणि पक्षांना बरोबर घ्यावे का?

पाठिंबा सर्वांचा घ्यावा. माइक, निवेदन आणि वाटाघाटीची खुर्ची स्त्रियांकडे ठेवावी. पक्षाचा झेंडा नको, हे पहिल्याच बैठकीत ठरवून वहीत लिहावे. महिला सरपंच किंवा सदस्य यायला तयार असतील तर त्यांना जरूर बोलवावे. शासकीय सेवेतील स्त्रियांना सेवा-वर्तणुकीचे नियम आड येतात, म्हणून त्यांना पुढे करू नये. अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्या स्वतःच्या संघटना व स्वतःच्या मागण्या आहेत. त्यांनी आपल्या मोर्च्यात यावे असे वाटत असेल तर आधी आपण त्यांच्या मोर्च्यात जावे.

१९. खर्च कसा भागवावा?

प्रवासाचाच खर्च मोठा असतो. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, त्यामुळे पुढाऱ्याने पाठवलेल्या टेम्पोपेक्षा एसटी बरी. भाकरी घरून न्यावी. जमा-खर्च दर बैठकीत वाचून दाखवावा.

२०. तहसीलदारांनी तोंडी आश्वासन दिले आणि सगळ्या घरी आल्या. आता पुढे काय?

आश्वासन त्याच दिवशी लेखी घ्यायला हवे होते. पण वेळ गेलेली नाही. दुसऱ्या दिवशी "आपण काल पुढीलप्रमाणे आश्वासन दिले" असे पत्र देऊन पोच घ्यावी. नोंदवलेली मुदत उलटली की माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला ते माफ आहे. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. "कार्यवाही का केली नाही" असे विचारू नये, कारण त्याला माहिती म्हणत नाहीत. "आमच्या अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी" असे विचारावे.

२१. मागणी मान्य झाली, पण लाभ काही जणींनाच मिळाला. आता फूट पडली आहे.

हा प्रसंग जवळजवळ प्रत्येक ठिकाणी येतो, म्हणून त्याचा नियम आधीच करावा. यादीतल्या शेवटच्या बाईचे काम होईपर्यंत निवेदन "प्रलंबित" मानावे आणि लाभ मिळालेल्या जणींनी पुढच्या दोन मोर्च्यांना येणे स्वतःहून मान्य करावे. कोणाचे काम आधी झाले आणि का, हे वहीवरून सर्वांसमोर वाचावे; पुष्कळदा असे दिसते की एकीकडे दाखला होता आणि दुसरीकडे नव्हता, आणि वाटलेला भेदभाव प्रत्यक्षात कागदाचा होता. जिथे अधिकाऱ्याने खरोखरच ओळखीच्या बाईंना पुढे काढले असेल, तिथे नवे निवेदन ज्यांना लाभ मिळाला त्या बाईंच्याच सहीने, राहिलेल्यांच्या नावांसह द्यावे. वाडीतले एकही पात्र घर उरले नाही, अशी नोंद झाल्यावरच तो विषय वहीत बंद करावा आणि पुढची वाडी घ्यावी.